मेबलची नियाज

अन्याय झाला तो हाजरा दळवीवर. गुरुवारी, २८ फेब्रुवारी १९९१ रोजी, सकाळी, दम्माममधल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावर. आखाती युद्ध थांबल्याची बातमी नुकतीच रेडिओवर आली होती आणि घराघरांत चहाचं आधण चढलं होतं. अन्याय करणारे आमचेच लोक होते. रत्नागिरीचे, रायगडचे, नमाजी, मनमिळाऊ, एकमेकांकडे मासळीचं कालवण पाठवणारे. त्यात कुणी इराकी नव्हता, कुणी अमेरिकन नव्हता, कुणी सौदी पोलीसही नव्हता. हे सुरुवातीलाच सांगते, कारण त्या वर्षाबद्दल बोलताना सगळा दोष क्षेपणास्त्रांवर ढकलून मोकळं व्हायची आमच्याकडे सवय आहे.

तेव्हा मी नववीत होते. आज आखातात कामाला जाणाऱ्या बायकांसाठी पत्रकं लिहिते आणि एस.टी. स्टँडवर उभी राहून वाटते. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. वाचल्याशिवाय सही करू नका. पत्रकात माणूस मावत नाही, आणि हाजरा आपा तर आजवर कुठेच मावली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

ती आमच्या बिल्डिंगमध्ये आली अल खफजीहून, भावाबरोबर. ते कुवेतच्या सीमेवरचं गाव. युद्धाच्या पहिल्याच दिवशी तिथे तोफगोळे पडले आणि गाव रिकामं झालं. तिचा भाऊ सुलेमान समुद्रातल्या तेलाच्या कामावर फिटर होता. इराक कुवेतमध्ये घुसला तेव्हाच, ऑगस्टमध्ये, त्याने बायकोमुलांना गावी पाठवलं होतं. हाजरा गेली नव्हती. आमच्या बिल्डिंगला इथूनच वास यायला लागला. पंचविशी उलटलेली, बिनलग्नाची बाई. सगळे पळत असताना ही मागे का राहते? प्रत्येकाने हा प्रश्न एकमेकाला विचारला. तिला कुणी विचारला नाही.

मी विचारला. तिने सरळ सांगितलं. गावी गेली असती तर लग्न ठरलेलं होतं. मुलगा, म्हणजे मुलगा कसला, वहिनीचा भाऊ. खेडजवळचा, बायको वारलेला, दोन पोरांचा बाप. परत गेल्यावर सुलेमानदादाला त्याच्या दुकानात भागी मिळणार होती. हाजराला हवी होती नोकरी. दम्माममधल्या एका इंडियन स्कूलच्या हेडमिस्ट्रेसने तिला शब्द दिला होता, की शाळा उघडली की ये. नोकरी मिळाली असती तर शाळेच्या नावावर तिचा स्वतःचा इकामा झाला असता. इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. तोवर तिचं नाव भावाच्या इकाम्यावर चढवलेलं होतं, कसं चढवलं ते कुणी विचारत नव्हतं, आणि तो इकामा भावाच्या शर्टाच्या खिशात असे.

"मी दादाच्या खिशात राहते," ती म्हणायची. "वर पेन, खाली मी."

बुटकी होती. पायांत भावाचे जुने मोजे आणि त्यावर चपला. चहा बशीत ओतायची, निवायला ठेवायची आणि विसरायची. दुसऱ्याच कुणाला तरी तो थंडगार सापडायचा. रोज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाक्यांभोवती फेऱ्या मारायची, अबाया कमरेला खोचून, भराभर, जणू कुठेतरी पोचायचं आहे. अब्बा म्हणाले, ही बाई गच्चीवरून काय बघते? ती काहीच बघत नव्हती. मी एकदा बरोबर गेले तर म्हणाली, पायांना सवय राहू दे, नाहीतर एक दिवस रस्ता मिळेल आणि चालता यायचं नाही.

दुसरं म्हणजे, ऐकताना ती समोरच्याच्या तोंडाकडे असं पाहायची, की सांगणाऱ्याला वाटे आपण महत्त्वाचं काहीतरी बोलतोय. अम्मीला हे अजिबात आवडायचं नाही. "आपल्याला बोलायला लावते आणि स्वतः गप बसते," अम्मी म्हणायची. "अशा बायकांपासून जपून राहावं." मग तिच्या दारात जाऊन तिलाच आपलं सगळं सांगायची.

आता ती खोली. तळमजल्यावर मुकादम चाचा राहायचे. बिल्डिंगमध्ये वयाने मोठे, हज केलेले, त्या शाळेच्या पालक कमिटीवर असलेले. त्यांच्या घरात एक बिनखिडकीची कोठी होती. तांदळाची पोती, तुपाचे डबे. तिच्या दाराच्या फटींना चिकटपट्टी लावून, खाली ओला टॉवेल अंथरून बायकामुलांची सोय केली होती. विषारी वायू आला तर म्हणून. पुरुष बाहेर दिवाणखान्यात बसायचे, रेडिओजवळ. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की सगळ्यांनी खाली यायचं, पुरुषांनी बातम्या ऐकायच्या आणि बायकांनी आत तस्बीहची माळ फिरवायची, दुआ पढायची. असं मुकादम चाचांनी ठरवून दिलं होतं. वायूला ओला टॉवेल पुरेल का, हे मात्र कमिटीवरच्या त्या माणसाला कुणी विचारलं नाही. संशय घ्यायच्या ठिकाणी कुणी घेत नाही, ही आमची जुनी खोड.

पहिल्या भोंग्याला सगळ्या पढल्या आणि शरीफा भाबी रडली. शरीफा भाबी महाडकडची, वरच्या मजल्यावरची, नवरा कासिमभाई गोदामावर. दुसऱ्या भोंग्याला पढून पढून घसे कोरडे पडले, आणि मग सगळ्या नुसत्या दाराच्या पट्टीकडे बघत बसल्या. तेव्हा हाजरा आपा उठून उभी राहिली. गोष्ट ती कायम उभ्यानेच सांगे, पाठ दाराला लावून. बसून सांगितली तर गोष्टीला झोप येते, म्हणायची.

"राजा एडवर्डचं राज्य होतं," ती म्हणाली. "लंडन शहर. मेबल नावाची एक मुलगी आगगाडीतून उतरली. एकटी."

"एकटी?" मुकादम चाचीने विचारलं.

"एकटी. हातात एक पेटी. बापाला न सांगता आलेली."

झालं. तस्बीह थांबल्या.

राजा एडवर्ड कुठून आणला? तिचे पणजोबा आगबोटीवर आगवाले होते, बॉयलरमध्ये कोळसा ओढायचे. हर्णै-दाभोळकडच्या कितीतरी घरांतले पुरुष तेव्हा असे बोटींवर जात. ते लंडनच्या गोदीत उतरले होते. त्यांनी घरी आणलं ते एवढंच: धुक्याच्या, चहाच्या दुकानांच्या, ट्रामच्या आणि सायकलवरून ऑफिसला जाणाऱ्या मडमांच्या गोष्टी. त्या घरात झिरपत हाजरापर्यंत आल्या आणि तिने त्यांतून मेबल केली. पण हे मला फार पुढे कळलं. कोठीत शरीफा भाबीने विचारलं, हे पुस्तकातलं का गो, तेव्हा ती म्हणाली, होय, जाडं इंग्रजी पुस्तक आहे. बाहेर आल्यावर मी पुस्तक मागितलं तर माझ्या कानाशी म्हणाली, "पुस्तकातलं म्हटलं की बायका गोष्ट ऐकतात. बाईच्या डोक्यातलं म्हटलं की डोकं तपासायला निघतात."

मेबल टायपिंग शिकली. गोदीजवळच्या एका बोट कंपनीच्या ऑफिसात लागली. एका विधवेच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली. त्या खोलीच्या दाराला आतून कडी होती. हाजरा आपाने एक अख्खा भोंगा त्या कडीवर काढला. पितळी, जराशी वाकडी, बसवताना दार उचलावं लागे. मेबल पहिल्या रात्री कडी लावते, काढते, पुन्हा लावते. एवढंच.  आमच्या घरांना कड्या होत्याच की. पण त्या घरातल्या सगळ्यांसाठी होत्या, बाहेरच्यांविरुद्ध. एकट्या बाईने लावायची कडी त्या कोठीतल्या कुणाच्याच दाराला नव्हती.

"आधी कडी, मग माणूस," हाजरा आपा म्हणायची. हे तिचं पालुपद. आणि सायरन संपल्याचा आवाज आला की, कितीही रंगात असो, थांबायची: "पुढचं पुढच्या भोंग्याला."

यावर शरीफा भाबी एकदा जिन्यात उघड म्हणाली, "आज मेला भोंगा का होत नाय?" कासिमभाई मागेच उभे होते. हवाई हल्ल्याची वाट बघणारी बायको पाहून माणसाला संशय येणारच. मी कासिमभाईंना दोष देत नाही. पुढच्या गोष्टींसाठी देते.

मेबलला पहिलं स्थळ आलं ते बँकेतल्या कारकुनाचं. छत्री, टोपी, नोकरी पक्की. कोठीत सगळ्या खूश. घराणं काय, बहिणी किती, सासू कशी, अशी चौकशी सुरू झाली.

"सासू खाष्ट आहे," हाजरा आपा म्हणाली.

"मग नको," चाची म्हणाली. "पोर बापावेगळी आलीय, तिला कोण विचारणार तिथे?"

"बरं. सासू वारली."

"कधी?"

"आत्ताच. तुम्हाला नको होती ना."

इतकं करूनही मेबलने नकार दिला, कारण छत्रीवाल्याने पहिल्याच भेटीत विचारलं की लग्नानंतर टायपिंग सोडशील ना. अम्मी इतकी रागावली, की दोन दिवस तिने हाजरा आपाकडे कालवण पाठवलं नाही. चांगलं स्थळ घालवलंन, घरी बडबडत होती. अब्बांनी विचारलं, कुणाचं स्थळ? अम्मी म्हणाली, तुम्हाला काय करायचंय. या एका वाक्याने आमच्या बिल्डिंगचा घात केला. प्रत्येक घरात बायका मेबलबद्दल बोलत होत्या, आणि कुणीही नवऱ्याला सांगत नव्हतं की ती गोष्टीतली आहे. कारण गोष्ट ऐकतो म्हटलं असतं, तर दुआ पढत नाही हे कबूल करावं लागलं असतं.

आणि मग आला यासीन. आगवाला, दाभोळचा. बोट सुटण्यापूर्वी अंगठा उठवायला तो मेबलच्या ऑफिसात आला. तिने त्याच्या नावाची इंग्रजीत टाइप केलेली अक्षरं त्याला बोटाने दाखवली. पुढच्या फेरीला तो पुन्हा आला. गोदीजवळच्या चहाच्या दुकानात दोघं समोरासमोर बसली.



"आपला?" चाचीने हळूच विचारलं.

"आपला."

"आणि ती?"

"ती ती."

"मग ती कलमा पढेल का?"

"अजून चहाच चाललाय, चाची," हाजरा आपा म्हणाली. "साखर विरघळू दे."

त्या दिवशी अल खोबरच्या बाजूला कुठेतरी मोठा स्फोट झाला. कोठीतले तुपाचे डबे एकमेकांवर आपटले. बाहेर पुरुष मोठ्याने कलमा पढू लागले. आत मेबल यासीनला विचारत होती की तुझ्या गावाला समुद्राचा आवाज घरात येतो का. एकही बाई हलली नाही. मी पुढे खूप सभा पाहिल्या, भाषणं ऐकली, स्वतःही ठोकली. तशी शांतता मला कधी मिळवता आली नाही.

मग हाजरा आपाने मेबलची नोकरी घालवली. बोट कंपनीच्या साहेबाला कुणीतरी सांगितलं की ही पोरगी खलाशाबरोबर चहा पिते. कुणी सांगितलं ते तिने कधीच उघड केलं नाही. कोठीत प्रत्येकीचा वेगळ्यावर संशय. मेबल ऑफिसं हिंडू लागली. बुटाला भोक. घरमालकीण भाडं मागते. भोंग्यामागून भोंगे गेले, नोकरी काही लागेना. आज मला वाटतं, तेव्हा हाजरा आपा स्वतःच्याच नोकरीची वाट बघत होती, आणि मेबलला सुखात ठेवणं तिच्या जिवावर येत होतं. शरीफा भाबीला मात्र ते बघवेना. तिने नवस केला. मेबलला नोकरी लागली तर सांदणं आणि खिरीची नियाज करीन. नियाज म्हणजे कुणाच्या तरी नावाने फातिहा पढून शेजारीपाजारी वाटलेलं खाणं.

हे वाचून हसू नका. आमच्याकडे मन्नत अशीच मागतात. ज्याच्यावर जीव जडला त्याच्यासाठी. तो माणूस हाडामांसाचा आहे की नाही, एवढं तपासून मन्नत मागायची असते हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या भोंग्याला हाजरा आपाने मेबलला वर्तमानपत्राच्या कचेरीत चिकटवून दिलं. आणि शरीफा भाबीने शब्द पाळला. तिथे असल्या नियाजा-फातिहा उघड करत नाहीत, तिथल्या लोकांना खपत नाही. म्हणून दारं लावून, ऊद न जाळता, तिने सांदणं उकडली, खीर केली, ताटल्या भरल्या. मुकादम चाचांची ताटली घेऊन कासिमभाई खाली गेले.

नियाजीचं ताट आलं की ज्याच्याकडे येतं तो विचारतोच. मुकादम चाचांनी विचारलं, कुणाच्या नावाची?

कासिमभाई म्हणाले, "मेबल म्हणून एक पोर आहे. तिला नोकरी लागली."

"कोण मेबल?"

आणि कासिमभाईंनी, बायकोच्या बोलण्यातून वेचून वेचून जे साठवलं होतं, ते सगळं सांगितलं. घर सोडून आलेली. एकटी खोली घेऊन राहते. एका नोकरीवरून काढली. आपल्यातला एक पोर तिला चहाच्या दुकानात भेटतो, बोटीवरचा. हाजराला सगळं माहीत आहे.

आता पुरुषांचं डोकं कसं चाललं ते पाहा. दम्मामच्या इस्पितळांत केरळच्या, गोव्याच्या ख्रिश्चन नर्सेस होत्या, अशाच नावांच्या. युद्धाला घाबरून काही जणी काम सोडून निघून गेल्याची चर्चा होती. म्हणजे ही मेबल त्यातलीच. कफीलाकडून, म्हणजे ज्या मालकाच्या नावावर माणूस त्या देशात राहतो त्याच्याकडून, पळालेली. तिला लपवणारा सापडला तर त्याचा इकामा जातो. बिल्डिंगमध्ये सापडली तर बिल्डिंगवर बालंट. आणि बंदरावरचा आपला पोरगा? तो कोण? त्या संध्याकाळी दम्माम बंदरावर काम करणाऱ्या प्रत्येक कोकणी पोराचा हिशेब झाला. मेबलला शोधायला पाच मोठे पुरुष गच्चीवर गेले आणि त्यांनी पाण्याच्या टाक्यांची झाकणं उघडून आत वाकून पाहिलं. राजा एडवर्डच्या राज्यातली बाई, दम्मामच्या टाकीत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टाकीत एक कबुतराचं पीस होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जुहरच्या नमाजानंतर, दिवाणखान्यात बैठक बसली. आम्ही बायकामुली पडद्याआड. सुलेमानदादा मान खाली घालून. हाजरा आपाला पडद्याच्या कडेला उभं केलं.

"पोरगी कुठे आहे?" मुकादम चाचांनी विचारलं. आवाज चढवला नाही. आमच्याकडची मोठी माणसं गळा कापतानाही आवाज चढवत नाहीत.

"ती गोष्टीतली आहे, चाचा."

"कसली गोष्ट?"

"बायकांना सांगते ती. भोंगा झाला की."

"बायका आत दुआ पढतात."

 हाजरा आपाने पडद्याकडे पाहिलं. एकदाच.

"पुस्तकातली गोष्ट आहे का?" अब्बांनी विचारलं. माझे अब्बा न्यायी माणूस समजले जातात. "असेल तर पुस्तक आण, दाखव, खलास."

"पुस्तक नाही. माझ्या मनातली आहे."

दिवाणखान्यात कुणीतरी हसलं. मला वाटतं, तिथेच ती बुडाली. पुस्तक असतं तर गुन्हा छोटा होता. मन बाईचं होतं.

"बायकांना विचारा," ती म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलीय."

मुकादम चाचा पडद्याकडे वळले आणि आपल्या बायकोला विचारलं, तुम्ही आत काय करता?

जिने मेबलची सासू मारायला लावली, ती चाची म्हणाली, "तस्बीह. आयतुल कुर्सी. दुसरं काय करणार?"

शरीफा भाबीला विचारलं. ती म्हणाली, दुआ. मग नियाज कुणाची केलीस? तर म्हणे, मला कुणी काय सांगितलं, मी ऐकलं, मला काय माहीत. माझ्या अम्मीला विचारलं. अम्मी म्हणाली, "आम्ही अल्लाचं नाव घेत होतो." मी मोठ्याने म्हणाले की ती गोष्टच आहे, लंडनची आहे. अब्बा म्हणाले, मोठ्यांत बोलू नकोस, आत जा. आत म्हणजे कुठे? मी आतच होते.

त्यांतली एकही बाई वाईट नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाईट बायका असत्या तर मला इतका राग आला नसता. पुढे कित्येक वर्षांनी मी अम्मीला धरून विचारलं. ती म्हणाली, "बाहेर बॉम्ब पडतायत आणि आम्ही आत बसून चहाच्या दुकानातलं ऐकतोय, हे सांगायला तोंड होतं का गो?"

तोंड होतं. इतके दिवस त्या तोंडानेच विचारत होतात ना, साखर विरघळली का म्हणून?

पुढचं पटापट झालं, आणि त्या पटापट होण्याचाच मला संशय आहे. शाळेकडून निरोप आला की जागा भरली. शाळा बंद, मुलं घरात, शिक्षक अर्धे पळालेले. जागा भरली कुणी आणि कधी? कमिटीवर आमच्या बिल्डिंगमधून एकच माणूस होता. मी नाव पुन्हा लिहीत नाही. सुलेमानदादाने बहिणीच्या बाजूने एक शब्द काढला नाही. घाबरला होता, असं सगळे म्हणतात. असेल. पण खेडच्या दुकानाची वाट या अफवेने किती सरळ झाली, हेही मोजा. त्याने तिचा फायनल एक्झिटचा शिक्का मारून घेतला, म्हणजे परतीचा रस्ता बंद, आणि गाडी ठरवली रियाधपर्यंत. तिथून मिळेल ते विमान.

तिचं लग्न वहिनीच्या त्या भावाशी त्याच वर्षी, पावसाळ्याआधी झालं. मी गेल्या वर्षी तिच्या घरी गेले होते. दोन्ही पोरं वाढलीत, तिला अम्मा म्हणतात. मला कोकमाचं सरबत दिलं. गोष्टी सांगता का, विचारलं, तर म्हणाली, कुणाला? माझं पत्रक मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, पालथं करून मागची बाजूही पाहिली, आणि परत देताना म्हणाली, "सगळं आहे. कडी कुठे आहे?"

पण तिची आठवण काढली की मला ते घर दिसत नाही. जिना दिसतो.

त्या गुरुवारी सकाळी रेडिओने सांगितलं, युद्ध थांबलं. दारं उघडली. कोठीच्या दाराची पट्टी चाचीने ओढून काढली; तिच्याबरोबर रंगाचा पापुद्राही निघाला. सगळे जिन्यात आले. पुरुष गळाभेटी घेत होते, कुणीतरी मिठाईचा डबा उघडला होता. तेवढ्यात वरून हाजरा आपा उतरली. हातात एक पेटी. पायांत तेच मोजे. मागे सुलेमानदादा, यल्ला यल्ला करत घाई लावणारा. जिना चिंचोळा होता. भिंतीला पाठ लावून सगळ्यांना तिला वाट द्यावी लागली. कुणी सलाम केला नाही. कुणी नजर दिली नाही. मिठाईचा डबा हातातल्या हातात थांबला.

शरीफा भाबीला राहवलं नाही. हाजरा आपा शेजारून जाताना तिची ओढणी धरली आणि अगदी हळू विचारलं. तरी सगळ्यांना ऐकू आलंच, जिन्यात आवाज घुमतो.

"हाजरा, मेबलने काय केलं गो शेवटी?"

तुम्हाला सांगते, त्या जिन्यावरच्या प्रत्येक बाईने मान वर केली. चाचीने. अम्मीने. नवरे शेजारी उभे असताना.

हाजरा आपा थांबली. एकेकीच्या तोंडाकडे तिने पाहिलं, त्याच तिच्या पाहण्याने, की जणू समोरची काहीतरी महत्त्वाचं बोलणार आहे. थांबून राहिली. कुणी बोललं असतं तर तो क्षण होता.

मग तिने ओढणी सोडवून घेतली.

"कोण मेबल?" ती म्हणाली, आणि उतरून गेली.

आता तुम्हाला सांगायचं ते. त्या कोठीत बसलेल्या बायका आज दापोलीत आहेत, महाडला आहेत, मुंब्र्यात आहेत, काही अजून दम्मामलाच आहेत. हे वाचणाऱ्यांत तुम्ही असाल. नसाल, तर तुमची आई असेल, मावशी असेल, शेजारीण असेल. जाऊन विचारा तिला, दार बंद करून काय ऐकत होतात? आणि ज्या होतात, त्यांनी आज जेवायला बसल्यावर, नवऱ्यासमोर, मुलासमोर, सुनेसमोर मोठ्याने सांगा: मेबल कुठे लपली नव्हती. ती गोष्ट होती. ती हाजराने रचली होती. आम्ही ती ऐकली, आणि आम्हाला आवडली. मग उठा आणि खेडची एस.टी. पकडा. तिच्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे, मी पाहिली आहे. दार वाजवा, आणि ती उघडेपर्यंत तिथून हलू नका.